शिकतो की राबतो?

उमेदवार म्हटले की आजकाल डोळ्यांपुढे उभा राहतो तो हात जोडलेला, गळ्यात हार घातलेला, भिंतीवरच्या पोस्टरातला माणूस. पण हा शब्द आपल्याकडे मतपेटीच्या कितीतरी आधी आला. फारसीतल्या ‘उमेद’पासून तो आला आणि उमेद म्हणजे आशा. मामलेदार कचेरीत कारकुनाच्या पाठीमागे सतरंजीवर बसून नकला करणारा, वेळ पडली तर पाण्याचा तांब्याही भरून आणणारा, महिनोन् महिने बिनपगारी राबणारा आणि एखादी जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळेल या भरवशावर दिवस काढणारा तरुण, तो मूळचा उमेदवार! ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला ‘कचेरीत उमेदवारी करतो’ हे उत्तर आपल्या पणजोबांच्या पिढीत सर्रास ऐकू येई. काम होते, पगार नव्हता आणि मधली जागा आशेने भरून काढलेली होती.

कारखान्यातल्या अप्रेंटिसला मराठी नाव देण्याची वेळ आली, तेव्हा सरकारी भाषांतरकारांनी नेमका हाच शब्द उचलला आणि त्याला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हटले. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे. पण ते नाव फार नेमके बसले. मी स्वतः तीन वर्षे अशी उमेदवारी केली आणि पुढे चौतीस वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून नोकरी केली. या काळात शेकडो पालक माझ्या टेबलासमोर येऊन बसले असतील. त्यांतल्या एका बाईंचा प्रश्न मी विसरू शकत नाही. मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागून सहा महिने झाले होते. बाई म्हणाल्या, “सर, आमचं पोरगं तिथं शिकतंय की नुसतं राबतंय, एवढं मला सांगा.”

वाचकहो, शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे. तो कायदा या प्रश्नाला कसकसे उत्तर देत आला, हेच मला आज सांगायचे आहे.

वॉरंट काढून पकडून आणलेला शिष्य

आपल्याकडे हुन्नर शिकवायला कायदा लागत नव्हता. सुताराचा मुलगा रंधा हातात घेऊनच मोठा होई. लोहाराच्या पोराला भात्याची दोरी पाळण्याच्या दोरीइतकी ओळखीची. गिरणगावात तर साच्यावर उभ्या असलेल्या मामाच्या शेजारी उभे राहून भाचा विणकर होई. हे शिक्षण पक्के असे, फुकट असे. पण त्यात एक मेख होती. ज्या घरात जन्म, त्याच घरचा हुन्नर. धनगराच्या मुलाला ऐरण नाही आणि महाराच्या मुलाला सोनाराची पेढी नाही. गुरू मिळायला आधी योग्य घरात जन्म घ्यावा लागे.

या देशात उमेदवारीवर पहिला कायदा झाला तो १८५० साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच्या तीन वर्षे आधी. त्याचा हेतू मोठा दयाळू होता: अनाथ आणि गरीब मुलांना, विशेषतः धर्मादायावर वाढलेल्यांना, एखादा धंदा शिकवून पोटाला लावावे. दहा वर्षांवरचे आणि अठरा वर्षांखालचे मूल बाप किंवा पालक करारावर सही करून मालकाकडे बांधून देऊ शकत असे. मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची. ती मुलाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे न्यायची नाही आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नापलीकडे न्यायची नाही. सात वर्षांचा हा आकडा इंग्लंडहून आला होता. तिथे राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १५६३ साली झालेल्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी ठरवून दिली होती.

दया होती, पण तिच्या मागे छडी होती. मुलगा पळून गेला तर मालकाच्या तक्रारीवरून मॅजिस्ट्रेट वॉरंट काढी आणि पोराला पकडून आणले जाई. ‘बांधून देणे’ हा शब्दच बघा ना! शिष्याला गुरूकडे आपण पाठवतो, सोपवतो; बांधतो ते जनावराला. त्या कायद्याच्या लेखी मूल शिकणारेही होते आणि मालकाचे बांधलेलेही होते. हा कायदा कागदावर शंभराहून अधिक वर्षे जगला.

१९६१: करार आला, दोरी गेली

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० पासून सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना हाती घेतली आणि आयटीआय उभ्या राहू लागल्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. यंत्रे जहाजाने आणता येतात, परंतु ती चालवणारे हात कुठून आणायचे? शाळेत फिटर अर्धा घडतो. उरलेला अर्धा कारखान्यातच घडावा लागतो. कारखानदार स्वखुशीने उमेदवार घेत होते, पण गरजेच्या मानाने फार थोडे. तेव्हा सरकारने ठरवले की हे काम मर्जीवर सोडायचे नाही. गुलझारीलाल नंदा केंद्रीय श्रममंत्री असताना १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला. १९६१ चा हा ५२ वा कायदा. १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला आणि १८५० चा जुना कायदा रद्द झाला.

या कायद्याची कलमे मी वर्गात मुलांना वाचून दाखवीत असे. कायद्याची भाषा म्हणजे सुकलेले लाकूड. पण या लाकडात काही ठिकाणी अजून ओल आहे. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार हवा, तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदला गेला पाहिजे. उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालकाने सही करायची. शिकवण्यासाठी योग्य अर्हतेचा माणूस मालकाने नेमायचा. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय उमेदवाराला जादा वेळ, म्हणजे ओव्हरटाइम, थांबवायचे नाही. काम करताना इजा झाली तर मालक भरपाई देणे लागतो. मालकाच्या कसुरीने करार मोडला तर उमेदवाराला नुकसानभरपाई.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडणारी तरतूद तेराव्या कलमातली: उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादनाच्या बोनसच्या योजनेत त्याला ओढायचे नाही. किती शहाणपण आहे यात! नगावर पैसे मिळू लागले की मुलगा कानस मारताना गुण्या लावून बघणार नाही, मोजायचे सोडून मोजदाद करू लागेल. शिकणाऱ्याला चुका करायला सवड हवी, आणि नगाचा हिशेब चुकेला सवड देत नाही.

१९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक या कायद्यात आले, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. २००७ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठीही झाली. वर मी जी मेख सांगितली, ती कायद्याने अशी उपटून काढली. ज्यांच्या घरात कधी यंत्राचा आवाज गेला नव्हता अशा घरची मुले टर्नर, मशिनिस्ट, वायरमन झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. या कायद्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हे पुण्य आधी जमेस धरावे.

तीन महिने कानस

माझी उमेदवारी १९७८ मध्ये सुरू झाली. मोठ्या कारखान्यांना तेव्हा कायद्याने बंधन होते की सुरुवातीचे मूलभूत प्रशिक्षण स्वतंत्र जागेत द्यायचे. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असले की आपली वेगळी शाळाच हवी. लहान कारखान्यांची मुले सरकारी केंद्रात जात. आमच्या कारखान्यात अशी एक लांबोडकी शेड होती, आणि तिथे आम्हांला शिकवायला एक वयस्कर मास्तर होते. त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या व्हाइसमध्ये लोखंडाचा एक ओबडधोबड चौकोनी तुकडा बसवला, हातात कानस दिली आणि सांगितले, “याच्या चारी बाजू काटकोनात आण.”

तीन महिने आम्ही कानस मारत होतो. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. तुकड्याला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसवर! मग व्हर्नियर आले, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजणारे. मग एका तुकड्यातले षट्कोनी भोक आणि दुसऱ्या तुकड्याचा षट्कोन एकमेकांत बसवायचा, कुठल्याही बाजूने फिरवला तरी बसला पाहिजे. हा जॉब पहिल्यांदा जमला त्या दिवशी मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा स्वतःच्या खिशात टाकला. आमच्याकडे ती शाबासकी समजत.

त्या तीन महिन्यांत आम्ही कारखान्याला एका पैचेही उत्पादन करून दिले नाही. उलट लोखंड वाया घालवले, कानशी बोथट केल्या. कारखान्याने हा खर्च सोसला, कारण कायदा त्याला सोसायला लावीत होता. शिकणे म्हणजे हेच. कोणीतरी तुमच्या चुकांचा खर्च सोसत असतो.

तिसऱ्या वर्षी मात्र वारे फिरले. गैरहजर कामगारांच्या यंत्रावर आम्हां उमेदवारांना उभे करू लागले. पहिल्या पंधरा दिवसांत आम्हांला अभिमान वाटला. आपण कारागीर झालो! पुढे चार महिने मी एकाच यंत्रावर एकच भोक पाडत होतो. शेजारी उभा असलेला कायमचा कामगार तेच काम करून घरी पगार नेई, मी विद्यावेतन नेत असे. ते लोकलचा पास आणि खाणावळ यांतच संपे. विचारायला गेलो तर खात्याचे साहेब म्हणाले, “अरे, सराव नको का?” सराव हवाच. पण हात आणि डोके दोन्ही चालतात त्याला सराव म्हणतात. डोके झोपले आणि हात चालू राहिला की ते राबणे.

‘कामगार नव्हे’

साहेबांना असे बोलता आले त्यामागे कायद्याचेच एक वाक्य होते. अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. मजुरीविषयीचे कायदे त्याला लागू नाहीत. म्हणजे त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही आणि औद्योगिक न्यायालयाचा दरवाजाही नाही. तक्रार असेल तर सल्लागाराकडे जावे.

हे कलम चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. लोखंड वाया घालवणाऱ्या पोराला कामगाराचा पगार द्यायला लावला, तर कोणी मालक त्याला दारात उभा करणार नाही. पण हे कलम म्हणजे सौदा आहे. समाज मालकाला म्हणतो, तू याला शिकव, म्हणून याला कामगाराचे हक्क मागू नकोस असे आम्ही सांगतो. शिकवणे थांबले की सौदा मोडला. मग उरतो तो बिनहक्काचा कामगार, म्हणजे मामलेदार कचेरीतला तोच जुना उमेदवार. फक्त सतरंजीच्या जागी यंत्र आले!

दुसरी तितकीच अवघड गोष्ट बाविसाव्या कलमात होती. २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत, करारात तसे लिहिले नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते, आणि ती घेण्याचे उमेदवारावर नव्हते. कागदावर दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या. वास्तवात मोकळा कोण असतो, हे सांगायला नको. या प्रश्नावर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या उमेदवारांच्या प्रकरणात एक मधली वाट काढली: इतर बाबी सारख्या असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा पसंती द्यावी, त्याला सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याची अट घालू नये. पसंती द्यावी, नोकरी दिलीच पाहिजे असे मात्र नव्हे.

या दोहोंच्या मधल्या जागेत किती मुले लोंबकळतात, ते मुंबईने २० मार्च २०१८ रोजी पाहिले. रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी पूर्ण केलेल्या देशभरच्या तरुणांनी ऐन गर्दीच्या वेळी माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये रुळांवर ठाण मांडले. रेल्वेने खालच्या श्रेणीतल्या भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या. ती मर्यादा काढा आणि आम्हांला सामावून घ्या, ही त्यांची मागणी. लाखो चाकरमान्यांचे हाल झाले, त्यांचा संताप मला समजतो. पण रुळांवर बसलेल्या पोरांचे म्हणणेही समजून घ्यावे. ज्याने तीन वर्षे रेल्वेचेच डबे दुरुस्त करायला शिकवून घेतले, त्याने ते हात बाजारात कुठे विकायचे?

नवे नियम, जुना प्रश्न

२०१४ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकत असे. ती गेली, दंड राहिला. उमेदवाराची जागा रिकामी ठेवली तर पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे दरमहा १,००० रुपये. पूर्वी प्रत्येक ट्रेडमध्ये इतक्या कारागिरांमागे एक उमेदवार असे प्रमाण सरकार ठरवी. आता एकूण मनुष्यबळावर, कंत्राटी धरून, टक्केवारी आली. २०१९ च्या नियमांनी ती अडीच ते पंधरा टक्के केली आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ती बंधनकारक झाली. उदाहरणार्थ, दोनशे माणसांच्या कारखान्याने किमान पाच उमेदवार घ्यावेत. तीसपर्यंत घेता येतील. ज्याला पाच घ्यायचे नाहीत, त्याला सुरुवातीला महिन्याला अडीच हजार रुपये दंड. आता एवढ्या रकमेला कुठला कारखानदार भिणार, ते तुम्हीच सांगा!

विद्यावेतनाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. २०१४ मध्ये ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले गेले होते: पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, पुढे ९०. म्हणजे किमान वेतन वाढले की तेही आपोआप वाढे. २०१९ मध्ये त्याऐवजी ठरावीक रकमा आल्या. पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००, पदवीधराला ९,००० रुपये. टक्का महागाईबरोबर चालतो, रक्कम एका जागी उभी राहते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवाव्यात अशी शिफारस केली, तोवर भाजीपाल्याने आणि खोलीभाड्याने कुठली मजल गाठली होती, ते घर चालवणारीला विचारावे. मालकांचा भार हलका व्हावा म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलला, हेही सांगितले पाहिजे.

२०१४ च्या दुरुस्तीने ‘वैकल्पिक ट्रेड’ही आणले. त्यात अभ्यासक्रम मालकच ठरवतो. त्यामुळे हॉटेले, दुकाने, बँका यांचे दरवाजे उमेदवारांना उघडले, हे चांगलेच झाले. पण अभ्यासक्रम मालकाचा, यंत्र मालकाचे, हजेरी मालकाची. मग ‘शिकतो की राबतो’ हे पाहायचे कोणी?

जर्मनीने याचे उत्तर १९६९ च्या कायद्यात दिले आहे. तिथला उमेदवार आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतो. शिकवणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करावी लागते. शेवटची परीक्षा मालक घेत नाही, व्यापार-उद्योगाचे किंवा कारागिरांचे मंडळ घेते. आणि त्या कायद्यात एक छोटे वाक्य आहे: शिकण्याच्या हेतूला उपयोगी पडेल असेच काम उमेदवाराला सांगावे. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. विद्यावेतनाची किमान मर्यादा त्यांनाही २०२० मध्ये कायद्याने घालावी लागली. पण ते एक वाक्य आपल्या कायद्यात ठळकपणे आले, तर माझ्यासारख्याने चार महिने एकच भोक पाडले नसते.

पालकांनी काय विचारावे

त्या बाईंना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, प्रश्न दिले. तेच इथे देतो. करार नोंदवला आहे का आणि त्याची प्रत मुलाच्या हाती आहे का? करारात ट्रेड कोणता लिहिला आहे, आणि मुलगा रोज करतो ते काम त्याच ट्रेडमधले आहे का? त्याला शिकवणाऱ्या माणसाचे नाव मुलाला सांगता येते का? गेल्या महिन्यात त्याने नवीन काय केले? ओव्हरटाइमला थांबतो का? शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे का? यांतला शिकवणाऱ्याच्या नावाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुलाने चटकन नाव सांगितले, आणि सांगताना त्या माणसाची थोडी तक्रारही केली, की समजावे, पोरगा शिकतो आहे. नाव सांगता आले नाही, तर समजावे की राबतो आहे.

बाई पंधरा दिवसांनी परत आल्या. मुलाला नाव सांगता आले नव्हते. मी सल्लागारांच्या कार्यालयाला पत्र लिहिले, कारखान्यातही जाऊन आलो. त्या मुलाला पॅकिंगमधून काढून टूलरूममध्ये घालायला दोन महिने लागले. पुढे तो परीक्षा पास झाला. त्या कारखान्याने त्याला ठेवले नाही. पण दुसऱ्याने घेतले, कारण आता त्याच्या हातात विकण्यासारखे काहीतरी होते.

कारखानदार मंडळींना एक विनंती करून थांबतो. खंडेनवमीला आपण यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतो. यंत्राची निगा राखावी लागते, तेलपाणी करावे लागते, हे आपल्याला कळते आणि त्या खर्चाची कोणी कुरकुर करीत नाही. आपल्या कारखान्यात या दिवाळीला जेवढे उमेदवार असतील, त्यांतल्या प्रत्येकासमोर शिकवणाऱ्याचे नाव लिहिलेला एक फळा दारात लावा. ज्याच्यासमोर नाव लिहिता येणार नाही, त्या मुलासाठी माणूस नेमा. आणि तेही जमत नसेल, तर त्याला उमेदवार म्हणणे सोडा आणि कामगाराचा पगार द्या.